ॲडमिन पाहिजे

मलकापूर स्टेशनवर उतरलेल्या पाहुण्याला आपण कोणाकडे चाललो हे आठवलं नाही तरी एक वेळ चालतं. रिक्षावाल्याला ते माहीत असतं. "तुमी वकीलसाहेबाचे जावई ना? मागच्या दिवाळीले आलते." आपण मान हलवायच्या आत रिक्षा सुटते आणि घर येईपर्यंत सासऱ्यांची शुगर, मेव्हण्याची बदली आणि शेजारच्या प्लॉटचा भाव एवढं सगळं समजलेलं असतं. मुंबई-नागपूर लोहमार्गावरचं, राष्ट्रीय महामार्ग ५३ वरचं हे गाव. खानदेश संपून वऱ्हाड सुरू होतं ते इथे. एवढी रहदारी असलेल्या गावाने खरं तर येणाऱ्या-जाणाऱ्याकडे लक्ष देऊ नये. पण आमचं गाव प्रत्येकाकडे लक्ष देतं, आणि विशेष म्हणजे मनापासून देतं.

तर अशा गावात आम्हा काही जणांना खासगीपणावर चर्चा करायची हुक्की आली.

निमित्त झालं एका फोनचं. आमच्यातल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांना कोणा अनोळखी मुलीचा फोन आला. तिला त्यांचं पूर्ण नाव ठाऊक होतं, जन्मतारीख ठाऊक होती, पेन्शन कोणत्या खात्यात येते तेही ठाऊक होतं. साहेबांनी फोन ठेवला. पैसे गेले नाहीत, पण झोप गेली. "मी नोकरीत होतो तेव्हा गिऱ्हाइकाची एवढी माहिती आम्हा बँकवाल्यांकडे नसायची," असं ते प्रत्येकाला सांगत सुटले. सांगताना आपल्या खात्यात नेमके किती होते तेही सांगत गेले. आठवडाभरात तो आकडा गावात सर्वांना पाठ झाला.

विषयांची टंचाई नव्हती. आधार कार्डाचंच घ्या. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत रंजना सोनवणे यांना मिळालं. म्हणजे या प्रकरणाचा उगमच आमच्या शेजारी, खानदेशात. त्यानंतर देशभर त्या कार्डाच्या किती झेरॉक्स निघाल्या याचा हिशेब चित्रगुप्तालाच ठाऊक. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने लोकांना सांगितलं, की आधारची झेरॉक्स सरसकट कोणालाही देऊ नका. द्यायचीच तर शेवटचे चारच आकडे दिसणारी प्रत द्या. दोन दिवसांत सरकारने ते पत्रक मागे घेतलं आणि नेहमीची सावधगिरी बाळगा म्हणून सांगितलं. आमच्याकडच्या एका झेरॉक्सवाल्याने दोन्ही बातम्या कात्रणं काढून दुकानात शेजारी शेजारी लावल्या. त्यांच्या खालीच काचेत 'नमुना' म्हणून एक भरलेला अर्ज आहे. तो ज्या गृहस्थांचा आहे त्यांचं नाव, पत्ता, उत्पन्न आणि रक्तगट गावातल्या दहावी पास झालेल्या सगळ्या पोरांना ठाऊक आहे.

पुढे सातबारा. पूर्वी कोणाच्या शेतावर किती बोजा आहे हे पाहायचं तर तलाठ्याला गाठावं लागे, आणि तलाठी गाठणं हे खासगीपणाचं मोठंच संरक्षण होतं. आता 'महाभूलेख' उघडायचं, गट नंबर टाकायचा, की शेजाऱ्याचं पीककर्ज घरबसल्या दिसतं. मात्र ते पाहण्याआधी आपला मोबाइल नंबर द्यावा लागतो. म्हणजे दुसऱ्याचं उघडं पाहायचं तर स्वतःचं थोडं उघडं करावं लागतं. हा न्याय मला बरा वाटला.

आणि लग्नाचा बायोडेटा! ओटीपी विचारला तर फोन आपटणारे वडील मुलीचा फोटो, जन्मवेळ, उंची, पगार, मामाचं गाव आणि दोन मोबाइल नंबर असा एक कागद तयार करतात आणि समाजाच्या, गल्लीच्या, शाळेच्या बॅचच्या, झालंच तर सोयाबीनच्या भावाच्या गटातही टाकतात. मुलीचं लग्न होऊन तिला मूल होतं, तरी तो कागद फिरतच असतो. आमच्याकडच्या एका बाईंना स्वतःच्या मुलाच्या मुंजीच्या दिवशी अमरावतीहून एका वरपित्याचा फोन आला होता.

आमच्यातल्या गुरुजींनी, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापकांनी, या सगळ्याला तात्त्विक बैठक दिली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. १९५४ आणि १९६२ चे निकाल त्याच्या आड येत होते, ते तेवढ्यापुरते बाजूला सारले. नऊ जणांत शरद बोबडे नागपूरचे, त्यामुळे आम्हा विदर्भवाल्यांचा थोडा वाटा त्यात आहेच. पण गुरुजींना खरी भुरळ पडली होती अर्जदाराची. न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी २०१२ मध्ये कोर्टात गेले तेव्हा निवृत्त तर होतेच, शिवाय ८६ वर्षांचे होते. "निवृत्त माणसानं काय करावं, पाहा," असं म्हणून गुरुजी बँकेच्या साहेबांकडे रोखून बघत. साहेब तेव्हा रोज सकाळी बागेत हसण्याच्या क्लबला जात असत.

हक्क ठरला, विषय ठरले, जागा ठरेना.

पहिली बैठक साहेबांच्या ओट्यावर झाली. खासगीपणावर बोलतात तरी काय, हे ऐकायला समोरच्या ओट्यावर दुप्पट माणसं जमली. दुसरी कटिंगच्या दुकानात झाली. तिथे मालकालाच आमच्याविषयी आमच्यापेक्षा जास्त माहिती निघाली. वाचनालयात 'शांतता राखा' अशी पाटी आहे, आणि ग्रंथपाल ती पाळायला लावतात. हॉटेलात तर्रीपोहे चांगले मिळाले, पण टीव्हीचा आवाज इतका मोठा होता की गुपित सांगायला ओरडावं लागे. तेव्हा गट फोनवरच काढायचं ठरलं.

फोनवर गेलो तर तिथे वेगळाच गलका. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने नवं धोरण पुढे केलं: ८ फेब्रुवारीपर्यंत मान्य करा. लोक बिथरले. फुकटात निरोप पोचवणाऱ्या कंपनीला आपला निरोप पोचवण्यासाठी वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती द्याव्या लागल्या. मुदत १५ मेपर्यंत पुढे गेली. तोवर सिग्नल या दुसऱ्या ॲपकडे एवढी झुंड धावली, की १५ जानेवारीला त्यांची सेवाच कोलमडली. आमच्यातलेही निम्मे तिकडे गेले. गेले म्हणजे काय, इकडेही राहिले आणि तिकडेही. सकाळी गुलाबाचं फूल आधी जुन्या गटात यायचं, मग नव्या. नव्या घरातलं फूल संपूर्ण गोपनीय होतं.

संगणक क्लास चालवणारा एक मुलगा आमच्यात आहे. त्याने एके दिवशी फळ्यावर तक्ता काढून समजावलं. व्हॉट्सॲपवर २०१६ पासून निरोपाला पक्कं कुलूप आहे. पण कोण कोणाशी किती वेळा बोललं हे कंपनीला कळतं आणि गटात आपला नंबर सर्वांना दिसतो. टेलिग्रामवर नंबर लपवता येतो, पण गटातल्या निरोपांना तसलं कुलूप नाही. ते त्यांच्या संगणकावर त्यांना वाचता येतील असे असतात. सिग्नल आपल्याकडे जवळपास काहीच ठेवत नाही. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या सरकारी वकिलांनी काही खात्यांची माहिती मागितली, तेव्हा खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं या दोनच गोष्टी त्यांनी दिल्या. तिसरी त्यांच्याकडे नव्हतीच. २०२४ पासून तर तिथे नंबर न दाखवताही बोलता येतं. पुढे २०२५ मध्ये आपल्या देशातलं 'अरट्टई' गाजलं, तेव्हा तोच तक्ता पुन्हा निघाला. गाजलं त्या दिवसांत त्यात फोनवरच्या बोलण्याला कुलूप होतं, लिहिलेल्या निरोपाला नव्हतं. शिवाय घर टिकायलाही हवं. 'हाइक' २०२१ मध्ये बंद झालं आणि 'कू' २०२४ मध्ये; तिथे गेलेल्यांना बिऱ्हाड उचलावं लागलं.

तक्ता उत्तम होता. सगळ्यांनी त्याचे फोटो काढले आणि फॅमिली गटांत टाकले.

सर्वांत पक्की जागा म्हणजे जिथे कोणीच नाही ती, हे आमच्या लवकरच ध्यानात आलं. पण तिथे चर्चा होत नाही. शेवटी मुख्य गट व्हॉट्सॲपवरच राहिला, कारण माणसं तिथे होती. नाजूक बोलणं सिग्नलवर करायचं ठरलं. कुलपाचा प्रश्न असा एका संध्याकाळी सुटला. ॲडमिन कोण, हा प्रश्न मात्र दोन-तीन वर्षं पुरला.

कुलूप बाहेरच्याला अडवतं. आत कोणाला घ्यायचं हे कुलूप सांगत नाही. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या सरकारातली बडी मंडळी येमेनवर हल्ला कधी करायचा याची चर्चा सिग्नलवर करत होती, आणि त्या गटात 'द अटलांटिक' मासिकाचे संपादक जेफ्री गोल्डबर्ग बसलेले होते. त्यांना कोणी चोरून नव्हतं शिरवलं. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारांच्या फोनवरूनच रीतसर आत घेतलं होतं. कुलूप एका क्षणासाठीही तुटलं नाही. ही बातमी आली तेव्हा मलकापुरात कोणी हसलं नाही, कारण आमच्याकडेही एक गोल्डबर्ग होते. ते कराडजवळच्या मलकापूरचे निघाले.

महाराष्ट्रात मलकापुरं बरीच आहेत. एक कराडला लागून, एक शाहूवाडी तालुक्यात, एक अकोल्याच्या कुशीत. पत्रांची ही चुकामूक टळावी म्हणून श्रीराम भिकाजी वेलणकरांनी १५ ऑगस्ट १९७२ पासून देशाला पिनकोड दिला, आणि आमच्या वाट्याला ४४३१०१ आला. गटाच्या लिंकला पिनकोड नसतो. ते कराडचे गृहस्थ 'मलकापूर' एवढंच वाचून आत आले आणि माणूस इतका भला, की गैरसमज झालाय हे ध्यानात येऊनही संकोचाने बाहेर पडेनात. सर्वांच्या वाढदिवसाला शुभेच्छा देत. नळगंगेला पूर आला तेव्हा काळजीने विचारपूस केली. साहेबांच्या खात्याचा आकडा आता कृष्णाकाठीही माहीत आहे.

तेव्हा ॲडमिन हवा. पण व्हायला कोणी तयार होईना, कारण ॲडमिनला आत टाकतात अशी भीती हवेत होती. ती अगदीच निराधार नव्हती. २०१७ मध्ये वाराणसीच्या अधिकाऱ्यांनी गटातल्या खोट्या मजकुराबद्दल ॲडमिनवर कारवाई होईल असा आदेश काढला होता. आमच्याच विदर्भात, गोंदिया जिल्ह्यात, २०१६ मध्ये एका ॲडमिनवर गुन्हाच दाखल झाला. गटातल्या एका पुरुषाने एका बाईंविषयी गलिच्छ भाषा वापरली. ॲडमिनने त्याला काढलं नाही आणि माफीही मागायला लावली नाही. १ मार्च २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो गुन्हा रद्द केला. सामायिक इरादा नसेल तर दुसऱ्याने काय लिहिलं याचा दोष ॲडमिनला लावता येत नाही. त्याला फार तर माणूस आत घेता येतो आणि बाहेर काढता येतो, असा त्या निकालाचा आशय.

आमच्या गटाने सुटकेचा निःश्वास टाकला. तेवढ्यात आमच्यातल्या एक निवृत्त परिचारिका, त्यांना सगळे सिस्टरताई म्हणतात, म्हणाल्या, "ॲडमिन सुटला ते ठीक झालं. पण त्या बाईनं काय करायचं होतं?" यावर कोणीच काही बोललं नाही. ॲडमिन गुन्हेगार ठरत नाही एवढं कोर्टाने सांगितलं होतं; चांगला ॲडमिन कसा असतो ते शोधायचं काम आमच्यावर सोडलं होतं.

पहिली पाळी गुरुजींची. त्यांनी नियमावली केली, तिला पोटनियम जोडले, पोटनियमांना अपवाद. 'सुप्रभात' वर्ज्य केल्यावर 'शुभ सकाळ' चालेल का यावर रात्री अकरापर्यंत खल झाला. केंद्राचा २०२३ चा विदा संरक्षण कायदा त्यांना तोंडपाठ. कंपनीने संमती मागताना सूचना मराठीतही देण्याची सोय ठेवली पाहिजे, ही तरतूद आम्हाला त्यांच्यामुळेच कळली. सगळं उत्तम. पण एका बाईंनी आपली कशी फसवणूक झाली ते लिहिलं, तर गुरुजींनी त्यांना ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दाखवल्या. त्या बाईंनी पुन्हा काही लिहिलं नाही.

मग साहेब आले. साहेबांचा कोणावरच विश्वास नव्हता. सदस्याची ओळख पटल्याशिवाय प्रवेश नाही, असं त्यांनी जाहीर केलं. आणि ओळख पटवण्यासाठी प्रत्येकाने आधार कार्ड, दोन्ही बाजूंनी, त्यांच्या नंबरवर पाठवायचं. खासगीपणाच्या गटासाठी आधार कार्डांची चळत जमू लागली. कोणीतरी हळूच विचारलं, "साहेब, हे ठेवता कुठं?" साहेब म्हणाले, "फोनमध्येच. आणि फोनचा पासवर्ड माझी जन्मतारीख आहे, म्हणजे विसरायला नको."

क्लासवाल्या मुलाने आल्या आल्या निरोप चोवीस तासांत आपोआप पुसले जातील अशी व्यवस्था केली. शास्त्र म्हणून चोख. पण आमचे काही ज्येष्ठ सदस्य नातू घरी आला की रविवारीच फोन उघडतात. त्यांना गट कायम रिकामा दिसू लागला. एका आजोबांना वाटलं, आपल्याला वाळीत टाकलंय. ते काठी टेकत क्लासवर विचारायला गेले.

यानंतर कोणीतरी पोस्टमनकाकांचं नाव सुचवलं. काका गटात होते, पण कधी काही लिहीत नसत. नात शेजारी बसली असेल तरच त्यांना फोन नीट चालवता येतो. क्लासवाला म्हणाला, "काका कसे ॲडमिन होतील? त्यांना रिमूव्हचं बटन सापडत नाही." सिस्टरताई म्हणाल्या, "मग तर फारच चांगलं."

काकांनी उभी हयात मलकापुरात आणि आसपासच्या खेड्यांत टपाल वाटलं. आपल्याकडे पोस्टकार्ड आलं १८७९ मध्ये आणि मनीऑर्डर १८८० मध्ये. चारी बाजूंनी मिटणारं आंतर्देशीय पत्र यायला १९५० उजाडलं, आणि ते आल्यावरही दोन पैसे वाचवायला लोक कार्डावरच लिहीत राहिले. उघड्या कार्डावर माणसं काय लिहीत नसत! कोणाची बहीण परत आली, कोणाच्या दुकानावर जप्ती आली, कोण मुंबईत दवाखान्यात आहे. ज्यांना वाचता येत नसे त्यांना काका ओट्यावर बसून वाचून दाखवत आणि सांगतील ते उत्तर लिहून देत. सुरतेला गिरणीत गेलेला मुलगा पहिल्या वर्षी दर महिन्याला किती पाठवी, दुसऱ्या वर्षी किती आणि तिसऱ्या वर्षी का बंद झाला, हे आईच्या बरोबरीने एकट्या काकांना ठाऊक असे. गावाची अर्धी कर्मकहाणी त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीतून गेली. त्यातलं काही त्यांच्या तोंडून ऐकल्याचं कोणालाही आठवत नाही. कोणी खोदून विचारलंच, तर त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "मले काय मालूम?"

यंत्राचा खासगीपणा असा, की त्याला माहीतच नसतं. माहीत नाही म्हणून सांगता येत नाही. मागे कोर्ट लागलं तरी दोन तारखांपलीकडे काही निघत नाही. ही फार मोठी सोय आहे आणि ती ज्याने त्याने घ्यावीच. पण माणसांच्या गटात कोणाला तरी कळणारच. कोण रडलं, कोण कोणावर चिडलं, कोणी रात्री दोन वाजता लिहून सकाळी पुसलं, हे पाहणारं कोणीतरी असणारच. तिथे कामाला येतो तो दुसरा खासगीपणा: माहीत आहे, पण सांगायचं नाही. तो कोणत्याच ॲपच्या सेटिंगमध्ये सापडत नाही.

काकांचा कारभार पाहण्यासारखा आहे. एका सदस्याने शेजाऱ्याच्या रक्ततपासणीचा अहवाल 'माहितीस्तव' टाकला. ॲडमिनला दुसऱ्याचा निरोप पुसता येतो ही सोय २०२२ मध्ये आली. काकांच्या नातीने ती त्यांना शिकवून ठेवली होती. अहवाल मिनिटभरात गेला. गटात काका काही बोलले नाहीत. संध्याकाळी सायकल काढून त्या सदस्याच्या घरी गेले, चहा प्याले, पावसावर बोलले आणि निघताना म्हणाले, "भाऊ, ते कागद तुमचं नव्हतं ना?" एवढंच. काय झालं ते आम्हाला पुढे त्या सदस्यानेच सांगितलं. त्याला सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

गट सोडताना आवाज होत नाही, सूचना फक्त ॲडमिनला जाते, हीही सोय त्याच वर्षीची. एकदा कोणीतरी गेलं. कोण, यावर उरलेल्यांत पैजा लागल्या. काकांना विचारलं. पुढचं वाक्य सांगायला नको.

फॉरवर्डच्या बाबतीत मात्र काका कडक आहेत. तिथे चहा नाही, पाऊस नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आली या अफवेवरून, जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी ती माणसं. अफवा फोनवरून फोनवर गेली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आणली. काका म्हणतात, "पाच बी जास्त हायेत. पत्र एकाच पत्त्यावर जाते." अनोळखी माणसाचा फोटो आणि खाली 'यापासून सावध राहा', असं आमच्या गटात टिकत नाही. काही जण त्याला गळचेपी म्हणतात. काका त्यांना काढत नाहीत. बोलू देतात, फोटो तेवढा पुसतात.

गुरुजींना एकदा लंडनच्या चॅटम हाउस या संस्थेचा १९२७ पासूनचा नियम वाचनात आला: बैठकीत ऐकलेली माहिती खुशाल वापरा, पण ती कोणी सांगितली आणि बैठकीला कोण कोण होतं ते उघड करू नका. गुरुजींनी तो मराठी करून नियमावलीत घालायचं सुचवलं. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, यात नवीन काय, टपालात पहिल्या दिवशी हेच सांगत. गुरुजींनी नियम वहीत लिहून ठेवला. पोटनियम जोडला नाही. माझ्या मते ही काकांच्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी कामगिरी आहे.

आता गटात लोक लिहितात. फसवणूक झालेल्या त्या बाईंनीही लिहिलं, ऱ्हस्व-दीर्घासकट, आणि त्यामुळे आणखी दोघांचे पैसे वाचले. कराडच्या गृहस्थांना काकांनी फोन केला. त्यांची सर्वानुमते 'बाहेरगावचे सदस्य' म्हणून नोंद झाली. रिक्षावाला मात्र गटात नाही. त्याला घ्यायची गरज नाही. त्याला सगळं कळतंच.

अडचण एकच उरली आहे. काकांचं वय झालंय, मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय, आणि एकाच माणसावर सगळं सोपवणं बरं नव्हे हे आम्हाला पटलंय. खुद्द काकांवरही लक्ष ठेवणारं कोणी हवं, असं काकाच म्हणतात. तेव्हा जोडीला दुसरा ॲडमिन शोधायचा आहे. जाहिरातीचा मसुदा करायचं काम माझ्याकडे आलं. तो असा:

'पाहिजे: ॲडमिन. पगार नाही, मानही फारसा नाही. शिक्षणाची अट नाही. शुद्धलेखन आलं तर चालेल, ते दुसऱ्याला शिकवायची हौस नसावी. ऐकण्याची सवय हवी. माणूस काढण्याआधी त्याच्या घरी जाण्याइतकी फुरसत हवी. चूक झाली तर आम्ही काढू, त्याचा राग नसावा. इच्छुकांनी समक्ष भेटावं. अर्जासोबत आधार कार्डाची झेरॉक्स जोडणाऱ्याचा विचार केला जाणार नाही.'